पटासमोरची खुर्ची

गिरगावातल्या खाडिलकर रोडवरचे ‘नवाकाळ’ मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हे दैनिक १९२३ साली सुरू केले आणि पुढे नीळकंठ खाडिलकरांच्या अग्रलेखांनी ते गाजवले. नाटक आणि वर्तमानपत्र ही या घराण्याची ठळक ओळख. बुद्धिबळाच्या इतिहासात मात्र खाडिलकर हे नाव येते ते नीळकंठरावांच्या तीन मुलींमुळे. वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळूरला पहिल्यांदा भरली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतरच्या दशकभरात या स्पर्धेवर याच तीन बहिणींचे राज्य होते. एकीकडून अजिंक्यपद गेले तरी ते दुसरीकडे, म्हणजे त्याच घरात येई.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती धाकटीची, रोहिणीची १९७६ सालची गोष्ट. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. त्याआधी एकही भारतीय बाई तिथे बसलेली नव्हती. अनेक पुरुष खेळाडूंना ते रुचले नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. स्पर्धेत तिने निरनिराळ्या राज्यांच्या तीन विजेत्यांना हरवले. हे सारे त्या काळात, जेव्हा देशभरात आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब एकट्या मॅन्युएल एरन यांच्याकडे होता आणि भारतीय ग्रँडमास्टर ही कल्पनाही कोणी करत नव्हते. विश्वनाथन आनंद तेव्हा सहा वर्षांचा होता.

बुद्धिबळाबद्दल आपण नेहमी म्हणतो की हा निव्वळ डोक्याचा खेळ. ज्याच्याकडे बुद्धी, तो पुढे जातो. मला हे फारसे पटत नाही. जुन्या मास्टरांची चरित्रे वाचली की दिसते, डोके ही पहिली गरज, पण ती एकटी पुरत नाही. तोडीचा प्रतिस्पर्धी लागतो, खर्च उचलणारा कोणी लागतो, डाव टिपून ठेवणारा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी पटासमोर बसायला एक खुर्ची लागते. ती कोणाला मिळते आणि कोणाला नाही, यावर या खेळाचा निम्मा इतिहास ठरला आहे.

एकोणिसाव्या शतकातला फ्रान्सचा सर्वांत मोठा खेळाडू लुई शार्ल माए द ला बूर्दोने याचेच पाहा. हिंदी महासागरातल्या रेयूनियों बेटावर जन्मलेला हा उमराव घराण्यातला माणूस. याचे आजोबा फ्रेंचांचे आरमारी सेनानी. १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारे ला बूर्दोने ते हेच. नातू मात्र पॅरिसच्या ‘कॅफे द ला रेजाँस’मध्ये रमला. या कॅफेत अठराव्या शतकापासून बुद्धिबळाची टेबले लागलेली असत. पैसे लावून डाव चालत, बघ्यांची दाटी असे आणि उत्तम खेळणाऱ्याला दिवसभर कोणी ना कोणी समोर मिळे. तिथला सम्राट होता देशापेल. त्याने ला बूर्दोनेला हाताशी धरले आणि शिष्य वरचढ झाल्याचे दिसताच बुद्धिबळ सोडून पत्ते हातात घेतले. 

घरबांधणीच्या धंद्यात ला बूर्दोनेने वडिलोपार्जित पैसा घालवला. त्यानंतर बुद्धिबळ हाच त्याचा चरितार्थ झाला. १८३४ च्या उन्हाळ्यात तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात बेलफास्टच्या अलेक्झांडर मॅकडॉनलशी खेळायला बसला. एकामागून एक सहा सामने झाले, एकूण ८५ डाव. त्यांतले ४५ ला बूर्दोनेने जिंकले, २७ मॅकडॉनलने, १३ बरोबरीत सुटले. एकाला इंग्रजी येत नव्हते, दुसऱ्याला फ्रेंच. बुद्धिबळाचे घड्याळ तेव्हा निघालेले नव्हते, त्यामुळे मॅकडॉनल एकेका खेळीला दीड दीड तास लावी. फ्रेंच माणूस तेवढ्यात वैतागून स्वतःशीच बडबडे, गाणी गुणगुणे. हे सगळे डाव आज आपल्याला खेळीगणिक पाहता येतात, कारण क्लबाचे चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर शेजारी बसून ते लिहून घेत होते. त्या म्हाताऱ्या गृहस्थाने लेखणी उचलली नसती तर ला बूर्दोने आज फक्त एक नाव उरला असता. दोन वर्षांनी, १८३६ मध्ये त्याने ‘ल पालामेद’ काढले. बुद्धिबळाला वाहिलेले ते जगातले पहिले नियतकालिक.

आणि शेवट? १८४० च्या डिसेंबरात तो लंडनमध्ये कंगाल अवस्थेत मेला. जलोदराने पोखरलेला, अंगावरचे कपडे सोडून बाकी सगळे विकून बसलेला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याला पुरले; मॅकडॉनल तिथे पाच वर्षांपूर्वीच गेलेला होता. एवढ्या मोठ्या खेळाडूला धड उपचारही परवडू नयेत! खेळाच्या जोरावर पोट भरण्याची सोय त्या काळात कुठेच नव्हती. होती ती पैजांची, नाहीतर कोणा धनिकाच्या मेहेरबानीची.

याच वर्तुळातला एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. देशापेल आणि ला बूर्दोने यांच्याशी १८२१ साली पॅरिसजवळच्या सँ-क्लूमध्ये एक स्कॉटिश बॅरिस्टर खेळला होता. त्याचे नाव जॉन कॉक्रन. पुढे तो वकिलीसाठी कलकत्त्याला आला आणि दीर्घकाळ तिथे राहिला. १८४८ च्या सुमारास त्याला महेशचंद्र बॅनर्जी हा बंगाली ब्राह्मण खेळाडू भेटला आणि दोघे शेकडो डाव खेळले. महेशचंद्र देशी नियमांत मुरलेला होता. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादी अशी सावकाश चालत असल्यामुळे मध्यभाग घाईने न बळकावता घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, उंट तिथे बसवायचा आणि लांबून मारा ठेवायचा, ही सवय इथल्या खेळाडूंच्या हाडात होती. महेशचंद्र युरोपी नियमांनी खेळू लागला तरी त्याची ही चाल सुटली नाही. १८५५ च्या एका डावात त्याने कॉक्रनविरुद्ध जी सुरुवात केली, तीच ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने १९२२ साली मोठ्या स्पर्धेत खेळून दाखवली आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. जगभरच्या पुस्तकांत ‘इंडियन’ हे विशेषण लागलेले बचाव दिसतात, त्यामागे ही कलकत्त्याची परंपरा आहे. हे डाव उरले तेही कॉक्रनने ते इंग्लंडला धाडून छापवले म्हणून.

विसाव्या शतकात खुर्चीचा खर्च उचलला तो संस्थानिकांनी आणि जमीनदारांनी. वि. का. खाडिलकर (आडनाव तेच) १९२४ साली साउथपोर्टला झालेल्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आले. त्यांच्यानंतर गेला तो पंजाबचा मीर सुलतान खान. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी असलेला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्य ठरला. सुलतान खानबद्दल हल्ली पुष्कळ लिहिले जाते. पण त्याच १९३३ साली, त्याच घरातली फातिमा नावाची तरुणी महिलांची ब्रिटिश विजेती झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यानंतर धनी मायदेशी परतला आणि दोघांचाही खेळ थांबला. सुलतान खान शेतीवर गेला. फातिमा पटावरून कायमची नाहीशी झाली. खुर्ची दुसऱ्याची असली की असे होते.

महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे होते, कारण इथे गावोगावी मंडळे उभी राहिली. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि दर वर्षी स्पर्धा भरवण्याचा नेम हयातभर चालवला. बाहेरगावच्या पोरांना आपल्या घरचे समजून सांभाळणारी अशी माणसे होती म्हणून मध्यमवर्गीय घरातला मुलगा संस्थानिकाचा आश्रय नसतानाही स्पर्धेत उतरू शकला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाली, तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. मुलगा म्हटले ते जाणून. मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धा निघायला त्यानंतर एकोणीस वर्षे लागली.

बाहेरही हाच प्रकार होता. लंडनमध्ये स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली ती १८९७ मध्ये. मेरी रज हिने ती जिंकली. महिलांचे जगज्जेतेपद आले १९२७ ला आणि पहिली जगज्जेती ठरली व्हेरा मेंचिक. व्हेरा पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतही खेळे. १९२९ साली कार्ल्सबादला तिचा प्रवेश झाला तेव्हा अल्बर्ट बेकर नावाच्या मास्टरने थट्टेने सुचवले, की तिच्याकडून जो हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लबा’चे सभासद करून घ्यावे. क्लबाचा पहिला सभासद बेकर स्वतःच झाला. पुढे सभासदांची यादी बरीच वाढली आणि तिच्यात एक मोठे नाव आले: मॅक्स ऑयवे. हॉलंडचा हा गणिताचा शिक्षक हेस्टिंग्जच्या स्पर्धांत व्हेराकडून लागोपाठ दोनदा हरला. तोच १९३५ मध्ये अलेखाइनला नमवून जगज्जेता झाला.

हे ऑयवे १९७० पासून जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष होते. रोहिणीच्या प्रवेशावरून भारतात वादळ उठले आणि प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी स्पष्ट निर्णय दिला: राष्ट्रीय काय नि आंतरराष्ट्रीय काय, कोणत्याही खुल्या स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. ज्या माणसाने तरुणपणी बाईकडून दोन पराभव पचवले आणि तरीही पुढे जगज्जेतेपद मिळवले, त्याच्याइतका या खटल्याला लायक पंच शोधूनही मिळाला नसता. गिरगावच्या एका शाळकरी मुलीमुळे हा निर्णय जगाला लागू झाला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत का नसावी, मला कळत नाही. निर्णय कागदावर आला तरी सवयी लगेच बदलत नाहीत, हेही खरे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, हंगेरीची सुसान पोल्गार पुरुषांच्या जगज्जेतेपदाच्या प्रादेशिक फेरीसाठी पात्र ठरली आणि तिलाही अडवण्यात आले. ‘पुरुषांचे’ हा शब्द त्या स्पर्धेच्या नावातून काढावा लागला, तो त्यानंतरच.

खाडिलकर भगिनींची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या ऑलिंपियाडमध्ये त्या भारताकडून खेळल्या. १९७९ मध्ये जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. भारतात हा किताब मिळवणारी ती पहिली. १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा झाली, तीत रोहिणी एकही डाव न हरता पहिली आली, बारापैकी साडेअकरा गुण मिळवून. बुद्धिबळात बरोबरीला अर्धा गुण असतो. म्हणजे अकरा विजय आणि एक बरोबरी. दोन वर्षांनी क्वालालंपूरला तिने तेच अजिंक्यपद पुन्हा जिंकले. राष्ट्रीय अजिंक्यपद तिच्याकडे पाच वेळा आले, अर्जुन पुरस्कारही मिळाला. मग दोघी बहिणी घरच्या धंद्यात परतल्या. जयश्रीने ‘नवाकाळ’ सांभाळला, रोहिणी ‘संध्याकाळ’ची संपादक झाली. ला बूर्दोनेचे हाल पाहिल्यावर हा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. आशियाई विजेतेपद मिळवूनही निव्वळ खेळावर घर चालवता येईल अशी सोय १९८३ च्या भारतात नव्हती. पुरुषांनाही नव्हती.

त्यांच्या मागून मराठी मुलींची रांगच लागली. भाग्यश्री साठे (नंतर ठिपसे) पाच वेळा राष्ट्रीय विजेती. अनुपमा अभ्यंकर (नंतर गोखले) तीही पाच वेळा, शिवाय १९८६ मध्ये, शाळा सुटते न सुटते त्या वयात, पद्मश्री. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २००९ मध्ये ज्युनियर मुलींचे जगज्जेतेपद पटकावले.

किताबांबद्दल इथे थोडे सांगितले पाहिजे, कारण गोंधळ तिथेच होतो. बुद्धिबळात दोन शिड्या आहेत. खुल्या शिडीवर आंतरराष्ट्रीय मास्टरला २४०० आणि ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग गाठावे लागते, शिवाय ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी, ज्याला नॉर्म म्हणतात, तीही करावी लागते. दुसरी शिडी फक्त स्त्रियांसाठी. तिथे महिला आंतरराष्ट्रीय मास्टरला २२०० आणि महिला ग्रँडमास्टरला २३०० पुरतात. म्हणजे महिला ग्रँडमास्टर हा किताब खुल्या आंतरराष्ट्रीय मास्टरपेक्षाही खालचा. खुली शिडी स्त्रियांना बंद नाही. पण खालची हाताशी असली की पालक, प्रशिक्षक आणि संयोजक तिथेच समाधान मानतात. या दुसऱ्या शिडीने अनेक मुलींना खेळात टिकवले, त्यांना शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या मिळवून दिल्या, हे मी नाकारत नाही. पण तिने त्यांच्या डोक्यावर एक छतही घातले. ज्युडिट पोल्गारने महिलांच्या जगज्जेतेपदासाठी खेळण्यातच कधी रस दाखवला नाही. ती सतत वरच्या गटात खेळली आणि २००५ मध्ये जगात आठव्या क्रमांकावर पोचली. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे कोणी म्हणेल तर म्हणो.

मी राहतो त्या पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या हाउसिंग सोसायट्यांच्या क्लबहाउसांत बुद्धिबळाचे वर्ग चालतात. मुलीही हौसेने येतात, पण वय वाढले की त्यांची संख्या घटत जाते. आणि इथून मेट्रोने पुढे तीन-चार स्टेशने गेले की नोएडा. तिथली वंतिका अग्रवाल २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघात होती. संघाला सुवर्ण मिळाले आणि तिच्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही तिने आणले. त्याच संघात दिल्लीची तानिया सचदेव होती, नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. यमुनेकाठच्या मराठी माणसाला दोन्हीकडून मिरवता येईल असा तो संघ.

दिव्याने पुढच्याच वर्षी कळस केला. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत निकाली लागली. समोर कोनेरू हंपी, म्हणजे दिव्या जन्मली त्याच्या तीन वर्षे आधीच ग्रँडमास्टर झालेली खेळाडू. लांब पल्ल्याचे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांच्या टायब्रेकमध्ये दिव्याने बाजी मारली. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तोवर तिच्या खात्यात नव्हता. पण या स्पर्धेच्या विजेतीला तो किताब थेट मिळतो, त्यामुळे ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. लक्षात घ्या, महिला ग्रँडमास्टर नव्हे, नुसती ग्रँडमास्टर. आणि अठ्ठ्याऐंशींत बाई म्हणून चौथी. तिच्या आधीच्या तिघी हंपी, हारिका आणि वैशाली.

अठ्ठ्याऐंशींत चार हा आकडा बुद्धीचा नाही, संधीचा आहे असे माझे ठाम मत आहे. ते खोडून काढायचे असेल तर आधी संधी सारखी देऊन पाहावी लागेल. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या जाहिरातीत मुलींसाठी वेगळे बक्षीस जरूर ठेवा, तिच्या प्रवासाचा आणि राहण्याचा विचार करा, सोबत आलेल्या आईला दिवसभर बसायला जागा द्या. पण मुलींचा गट वेगळा काढून तो हॉलच्या कोपऱ्यात बसवू नका. त्यांची नावे खुल्या गटाच्याच जोड्यांत लावा. तसे करण्यासाठी कोणाला पुन्हा उच्च न्यायालयात जाण्याची गरज नाही. तो निकाल १९७६ सालीच लागला आहे.